ओआरएम आणि फ्रेमवर्क एकत्र वापरताना डेटाबेस कनेक्शनचे व्यवस्थापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जँगो, फ्लास्क, फास्टएपीआय, स्प्रिंग बूट, रेल्स किंवा डॉटनेटवर काम करणाऱ्या आणि डेटाबेसशी ओआरएममार्फत (कोडमधले ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधली टेबले यांची सांगड घालणाऱ्या लायब्ररीमार्फत) बोलणाऱ्या डेव्हलपरांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणे मुख्यतः पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल यांची घेतली आहेत. साधने निरनिराळी असली तरी बहुतेक अडचणींचे मूळ एकच निघते : कनेक्शन किती आहेत याची चर्चा होते, पण प्रत्येक कनेक्शन किती वेळ अडकून पडते याकडे कोणी पाहिलेले नसते.

## कनेक्शन उघडण्याची आणि बंद करण्याची जबाबदारी ओआरएमची की फ्रेमवर्कची?

दोघांचीही थोडीथोडी, आणि गोंधळ होतो तो याच वाटणीत. प्रत्यक्ष कनेक्शन पूलच्या, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याच्या, ताब्यात असते. हा पूल एसक्यूएलअल्केमीत (पायथनचे एक ओआरएम) इंजिनच्या आत असतो, स्प्रिंग बूटमध्ये २.० या आवृत्तीपासून तो हिकारीसीपी या जावा लायब्ररीचा असतो, तर डॉटनेटमध्ये तो ओआरएमच्याही खाली, थेट ड्रायव्हरमध्ये असतो. ओआरएमचे सेशन या पूलकडून कनेक्शन उसने घेते आणि काम झाल्यावर परत करते. मात्र ते सेशन केव्हा सुरू व्हावे आणि केव्हा संपावे हे ठरवण्याइतकी माहिती फक्त फ्रेमवर्ककडे असते, कारण रिक्वेस्ट कुठे सुरू झाली, कुठे संपली आणि मध्येच एरर येऊन ती तुटली का, हे फ्रेमवर्कलाच कळते.

म्हणून पूल प्रत्येक प्रोसेसमध्ये एकदाच तयार करावा, सेशन प्रत्येक कामासाठी नवे घ्यावे, आणि सेशन उघडणे, कमिट (बदल पक्के) किंवा रोलबॅक (बदल रद्द) करणे व बंद करणे ही चारही कामे एकाच जागी, म्हणजे फ्रेमवर्कच्या मिडलवेअरमध्ये, डिपेन्डन्सीमध्ये किंवा सर्व्हिसच्या सीमेवर ठेवावीत. रिपॉझिटरीतल्या किंवा मॉडेलमधल्या फंक्शनने स्वतः सेशन उघडू नये आणि स्वतः कमिटही करू नये. तसे केल्यास ऑर्डर नोंदवणारे फंक्शन कमिट करून मोकळे होते, त्यानंतर साठा कमी करणारे फंक्शन एरर देते, आणि अर्धवट नोंद डेटाबेसमध्ये कायमची राहते. फंक्शनला सेशन बाहेरून द्यावे; त्यामुळे तपासणीही सोपी होते.

## प्रत्येक क्वेरीसाठी नवे कनेक्शन उघडून लगेच बंद केले तर काय बिघडते?

लहान वापरात काही बिघडत नाही. पण कनेक्शन उघडणे म्हणजे टीसीपीची जोडणी, बहुधा टीएलएसची देवाणघेवाण, मग पासवर्डची पडताळणी, आणि पोस्टग्रेसच्या बाबतीत सर्व्हरवर त्या कनेक्शनसाठी एक स्वतंत्र प्रोसेस सुरू होणे. मायएसक्यूएल प्रोसेसऐवजी थ्रेड वापरते, त्यामुळे ते तुलनेने हलके पडते. जी क्वेरी एक-दोन मिलिसेकंदांत संपते तिच्यासाठी एवढी तयारी दर वेळी करणे म्हणजे मूळ कामापेक्षा तयारीतच अधिक वेळ घालवणे होय.

## ओआरएमचे सेशन आणि डेटाबेसचे कनेक्शन एकच आहेत का?

नाहीत, आणि हा फरक नीट समजला की पुढची निम्मी उत्तरे आपोआप सुचतात. सेशन ही अ‍ॅप्लिकेशनच्या मेमरीतली वस्तू आहे : कोणते ऑब्जेक्ट वाचले, कोणते बदलले, काय लिहायचे बाकी आहे, याची ती नोंद ठेवते. कनेक्शन हा डेटाबेस सर्व्हरपर्यंत जाणारा प्रत्यक्ष सॉकेट आहे. सेशन असूनही हातात कनेक्शन नसणे ही अगदी सामान्य स्थिती आहे.

एसक्यूएलअल्केमीचे सेशन तयार केले म्हणून कनेक्शन घेतले जात नाही; पहिली क्वेरी चालते तेव्हा ते घेतले जाते आणि कमिट, रोलबॅक किंवा क्लोज होईपर्यंत सेशनकडेच राहते. डॉटनेटचे ओआरएम एन्टिटी फ्रेमवर्क कोअर क्वेरीच्या आधी कनेक्शन उघडते आणि निकाल वाचून होताच परत करते. स्वतःहून ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या क्वेरींचा गट) सुरू केले असेल तरच ते अखेरपर्यंत धरून ठेवते. जँगोमध्ये तर सेशन अशी वस्तूच नाही. तिथे कनेक्शन थ्रेडला बांधलेले असते, पहिल्या क्वेरीला उघडते आणि रिक्वेस्ट संपेपर्यंत त्या थ्रेडकडे राहते, मग मधला सगळा वेळ टेम्प्लेट रंगवण्यात गेला तरीही. रेल्समध्येही पूर्वी असेच होते, ७.२ या आवृत्तीपासून (२०२४) तिथले ओआरएम अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड शक्य तिथे क्वेरीपुरतेच कनेक्शन घेऊन परत करते.

येथे एसक्यूएलअल्केमीची एक खोच सांगायलाच हवी. कमिट झाल्यावर तिथले ऑब्जेक्ट मूळ सेटिंगनुसार शिळे मानले जातात. त्यामुळे कमिटनंतर उत्तर तयार करताना सहज म्हणून एखाद्या ऑब्जेक्टचे नाव वाचले, तरी नवी क्वेरी जाते, नवे ट्रान्झॅक्शन सुरू होते आणि नुकतेच परत केलेले कनेक्शन पुन्हा उसने घेतले जाते. कोड वाचताना हे दिसत नाही. क्वेरींचा लॉग चालू केला की लगेच दिसते. उत्तरासाठी लागणारी मूल्ये कमिटच्या आधीच साध्या रचनेत काढून घ्यावीत, किंवा ‘एक्स्पायर ऑन कमिट’ हे सेटिंग समजून उमजून बंद करावे.

## पूलचा आकार किती ठेवावा?

मूळ सेटिंग काय असते ते आधी पाहू. हिकारीसीपी जास्तीत जास्त १० कनेक्शन ठेवते आणि मोकळ्या कनेक्शनसाठी ३० सेकंद थांबते. एसक्यूएलअल्केमीत ५ कायमची आणि गर्दीच्या वेळी आणखी १०, अशी १५ मिळतात, आणि थांबण्याची मर्यादा तिथेही ३० सेकंदच आहे. रेल्समध्ये बऱ्याच काळापासून ५ कनेक्शन आणि ५ सेकंद असे ठरलेले आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर ड्रायव्हरमध्ये मर्यादा १०० आहे.

गरज किती, याचा हिशेब सोपा आहे. दर सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्टची संख्या गुणिले प्रत्येक रिक्वेस्टने कनेक्शन धरून ठेवण्याचा सरासरी वेळ, म्हणजे एका क्षणी लागणारी कनेक्शन. सेकंदाला २०० रिक्वेस्ट येत असतील आणि प्रत्येकीने कनेक्शन २० मिलिसेकंद धरले, तर सरासरी ४ कनेक्शन कामात असतात. चढउतारांसाठी दुप्पट-अडीचपट जागा ठेवली तरी १० पुरतात. त्याच २०० रिक्वेस्टनी कनेक्शन अर्धा सेकंद धरले, तर १०० लागतात. क्वेरी त्याच, डेटाबेस तोच. फरक फक्त धरून ठेवण्याच्या वेळाचा आहे.

दुसरी बाजू डेटाबेसची. सर्व्हरला जितके कोअर आहेत त्याहून फार जास्त क्वेरी तो एकाच वेळी खऱ्या अर्थाने पुढे नेऊ शकत नाही. पोस्टग्रेसच्या मंडळींमध्ये कोअरची दुप्पट अधिक डिस्कची संख्या हे सूत्र सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरले जाते. ८ कोअरच्या यंत्रासाठी ते १७-१८ च्या आसपास येते. हा अंदाज आहे, नियम नव्हे, पण २०० चा पूल ठेवून वेग वाढेल अशी अपेक्षा करणाऱ्याला तो वेळीच जागे करतो. माझ्या मते पूल नेहमी लहान आकाराने सुरू करावा आणि मोजमाप पाहूनच वाढवावा. मोठा पूल अडचण दूर करत नाही. अ‍ॅप्लिकेशनमधली रांग उचलून तो डेटाबेसच्या दारात नेऊन ठेवतो, आणि तिथे ती आवरणे कितीतरी अवघड असते.

## पूल १५ चाच आहे, तरी डेटाबेस ‘टू मेनी क्लायंट्स’ म्हणतो. असे का?

कारण पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. ४ सर्व्हर, प्रत्येकावर गनिकॉर्न या पायथन वेब सर्व्हरचे ४ वर्कर (स्वतंत्र प्रोसेस) आणि प्रत्येकात १५ कनेक्शनची मुभा, म्हणजे ४ × ४ × १५ = २४०. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १०० असते आणि त्यांपैकी ३ सुपरयूजरसाठी राखीव असतात. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ आहे. या हिशेबात पार्श्वभूमीतली कामे करणारे वर्कर, वेळापत्रकाने चालणाऱ्या स्क्रिप्ट आणि कोणीतरी उघडून ठेवलेले डेटाबेस पाहण्याचे साधन हेही धरावे लागते. आणखी एक गोष्ट नेहमी सुटते : नवी आवृत्ती चढवताना जुन्या आणि नव्या प्रती काही काळ एकत्र चालतात, त्यामुळे नेमक्या त्या काही मिनिटांत मागणी जवळजवळ दुप्पट होते. चढवतानाच एरर येते आणि मग आपोआप थांबते, असे दिसले तर आधी हाच गुणाकार करून पाहावा.

## पूल संपल्याची एरर येत आहे. तात्पुरता पूल वाढवावा का?

आग विझवण्यापुरता वाढवायला हरकत नाही, पण त्याआधी दोन मिनिटे काढून पुरावा गोळा करावा, कारण पूल वाढवला आणि अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू केले की तो पुसला जातो.

पोस्टग्रेसवर ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’ या दृश्यात प्रत्येक कनेक्शनची एक ओळ असते. तिथली स्थिती, ती केव्हापासून आहे ती वेळ, ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ आणि शेवटची क्वेरी हे चार रकाने वाचावेत. बहुतेक ओळींची स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’ असेल आणि क्वेरी बराच वेळ चालत असेल, तर अडचण क्वेरीची आहे : इंडेक्स नाही, लॉकसाठी वाट पाहणे चालू आहे, किंवा ओआरएमने हजारो ओळी ओढल्या आहेत. बहुतेक ओळी ‘आयडल’ असतील, म्हणजे डेटाबेसच्या दृष्टीने सगळे निवांत आहे आणि तरी अ‍ॅप्लिकेशन कनेक्शन नाही म्हणून ओरडत आहे, तर कोडने कनेक्शन घेऊन परत केलेले नाही किंवा तो दुसऱ्याच कामात गुंतला आहे.

तिसरी स्थिती सर्वांत बोलकी : ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. ट्रान्झॅक्शन उघडे आहे, पण डेटाबेस पुढच्या हुकमाची वाट पाहत रिकामा बसला आहे. अशा ओळीसमोर दिसणारी क्वेरी ही चालू असलेली नसून शेवटी चाललेली असते, हे विसरू नये. ती दोषी नसते, पण कोडमध्ये कुठे पाहायचे ते सांगते : त्या क्वेरीच्या नंतरच्या ओळींमध्ये. तिथे बहुतेक वेळा बाहेरच्या सेवेला केलेला कॉल, मोठी फाइल तयार करणे, किंवा ज्यात रोलबॅक राहून गेला आहे असा एरर पकडणारा भाग सापडतो. असे ट्रान्झॅक्शन लिहिलेल्या ओळींचे लॉक धरून ठेवते आणि व्हॅक्यूमलाही जुन्या ओळी साफ करण्यापासून अडवू शकते. पोस्टग्रेस ९.६ पासून अशा निष्क्रिय ट्रान्झॅक्शनला कालमर्यादा घालण्याचे सेटिंग आहे. ते ठेवावेच, मात्र शेवटची संरक्षक भिंत म्हणून.

## ट्रान्झॅक्शनच्या आत बाहेरच्या सेवेला कॉल करणे इतके वाईट का?

पैसे भरण्याचे एक साधे उदाहरण जवळून पाहू. रिक्वेस्ट येते, ट्रान्झॅक्शन सुरू होते, ऑर्डरची ओळ लॉक करून वाचली जाते : ३ मिलिसेकंद. मग पेमेंट सेवेला कॉल जातो : एरवी ३०० मिलिसेकंद. उत्तर आल्यावर ऑर्डरची स्थिती बदलून कमिट होते : ५ मिलिसेकंद. डेटाबेसचे काम ८ मिलिसेकंदांचे, पण कनेक्शन अडकले ३०८ मिलिसेकंद. १० च्या पूलवर ही रिक्वेस्ट सेकंदाला जास्तीत जास्त ३२-३३ वेळा पूर्ण होऊ शकते. एखाद्या दिवशी पेमेंट सेवा मंदावते आणि ५ सेकंद घेऊ लागते. आता तोच पूल सेकंदाला दोनच रिक्वेस्ट पुरवतो, आणि ज्यांचा पेमेंटशी काहीही संबंध नाही अशी मुखपृष्ठ, शोध, लॉगिन ही सगळी पाने त्याच रांगेत अडकून बंद पडतात. दुसऱ्याची मंदगती आपले संपूर्ण अ‍ॅप्लिकेशन पाडते ती अशी.

उपाय म्हणजे कामाचे तीन तुकडे करणे. पहिल्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ‘पेमेंट सुरू’ अशी नोंद आणि एक न बदलणारी ओळख-किल्ली लिहून कमिट करावे. मग हातात कनेक्शन नसताना कॉल करावा. शेवटी दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये निकाल लिहावा. मध्येच प्रोसेस मेली तर ‘पेमेंट सुरू’ स्थितीत अडकलेल्या नोंदी शोधून त्याच किल्लीने पुन्हा विचारणा करणारे काम लागते. हे जास्तीचे काम आहे, यात शंका नाही. पण आधीच्या रचनेतही प्रोसेस मरण्याचा धोका होताच, आणि तेव्हा तर पैसे कापले गेल्याचा मागमूसही डेटाबेसमध्ये राहत नव्हता.

फ्रेमवर्कच्या सोयींमुळे हे दुखणे सहज लपते. जँगोचे ‘अ‍ॅटॉमिक रिक्वेस्ट्स’ चालू केले की संपूर्ण व्ह्यू एका ट्रान्झॅक्शनमध्ये जातो. स्प्रिंगमध्ये ‘ट्रान्झॅक्शनल’ ही खूण संपूर्ण सर्व्हिस क्लासवर लावली की आतली प्रत्येक पद्धत ट्रान्झॅक्शनमध्ये जाते. ट्रान्झॅक्शनची सीमा विचार करून, पद्धतीपद्धतीला आखावी असे माझे ठाम मत आहे. ईमेल पाठवणे किंवा रांगेत काम टाकणे यांसाठी जँगोत ‘ऑन कमिट’ आणि स्प्रिंगमध्ये कमिटनंतर चालणारे इव्हेंट लिसनर आहेत. ती कामे तिथेच न्यावीत.

## स्प्रिंग बूट सुरू होताना ‘ओपन इन व्ह्यू’बद्दल सूचना देते. ती गांभीर्याने घ्यावी का?

घ्यावी. हे सेटिंग मुळात चालू असते. त्यामुळे हायबरनेट या ओआरएमचे सेशन रिक्वेस्टच्या सुरुवातीपासून उत्तर पूर्ण तयार होईपर्यंत उघडे राहते आणि टेम्प्लेटमध्ये किंवा जेसन तयार करताना लेझी (वाचल्यावरच क्वेरी करून आणले जाणारे) संबंध विनासायास वाचता येतात. पण स्प्रिंगच्या नेहमीच्या मांडणीत एकदा घेतलेले कनेक्शनही सेशन बंद होईपर्यंत सुटत नाही, म्हणजे ट्रान्झॅक्शन केव्हाच कमिट झालेले असले तरी कनेक्शन जेसन तयार होईपर्यंत अडकलेले राहते. शिवाय लेझी वाचनामुळे एका यादीसाठी शंभर लहान क्वेरी जातात, त्या वेगळ्याच.

नव्या प्रकल्पात ते पहिल्या दिवशीच बंद करावे. जुन्या प्रकल्पात एकदम बंद केल्यास ‘लेझी इनिशियलायझेशन’च्या एरर जागोजागी उगवतात, म्हणून आधी चाचण्यांच्या वातावरणात बंद करून त्या एरर गोळा कराव्यात, प्रत्येक ठिकाणी लागणारे संबंध फेच जॉइन किंवा एन्टिटी ग्राफने आधीच आणावेत, आणि मग खऱ्या वातावरणात बंद करावे.

## अ‍ॅप्लिकेशन भार वाढताच ३० सेकंद गोठते आणि मग एरर देते, पण डेटाबेस रिकामा दिसतो. हे काय आहे?

एका रिक्वेस्टला एकाच वेळी दोन कनेक्शन लागत आहेत, हा पहिला संशय धरावा. स्प्रिंगमध्ये बाहेरच्या ट्रान्झॅक्शनच्या आतून ‘रिक्वायर्स न्यू’ असलेली पद्धत बोलावली की बाहेरचे कनेक्शन तसेच धरून दुसरे मागितले जाते. ऑडिटची नोंद काहीही झाले तरी टिकावी म्हणून हे हमखास केले जाते. पूल १० चा आहे आणि १० थ्रेड एकाच क्षणी बाहेरच्या ट्रान्झॅक्शनमध्ये शिरले, तर प्रत्येकाकडे एक कनेक्शन आहे, प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत आहे, आणि सोडणारा कोणीच नाही. डेटाबेसला यातले काहीच कळत नाही, म्हणून तिथली डेडलॉक ओळखणारी यंत्रणाही मदतीला येत नाही.

यातून निश्चित सुटण्यासाठी पूलचा किमान आकार असा काढतात : थ्रेडची संख्या गुणिले (एका थ्रेडला लागणारी कनेक्शन वजा १), अधिक १. इथे १० × १ + १ = ११. पण थ्रेड २०० असतील तर हेच उत्तर २०१ येते. तेव्हा आकार वाढवत बसण्यापेक्षा ती ऑडिटची नोंद बाहेरचे ट्रान्झॅक्शन संपल्यावर लिहावी. पायथनमध्येही हाच सापळा आहे : रिक्वेस्टचे एक सेशन हातात असताना एखादे मदतनीस फंक्शन स्वतःचे दुसरे सेशन उघडते. चाचण्या चालवताना पूल १ चा आणि थांबण्याची वेळ एक-दोन सेकंदांची ठेवली, तर अशी प्रत्येक जागा पहिल्याच फेरीत उघडी पडते. ही युक्ती फारशी वापरली जात नाही. ती अवश्य वापरावी.

## रात्रभर वापर नसतो आणि सकाळी पहिल्या काही रिक्वेस्ट फसतात. असे का होते?

पूलमधली कनेक्शन मेलेली असतात आणि पूलला ते ठाऊक नसते. मायएसक्यूएल २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास निष्क्रिय राहिलेले कनेक्शन बंद करते. म्हणूनच ‘सर्व्हर हॅज गॉन अवे’ ही एरर सकाळी भेटते. मधल्या फायरवॉलची किंवा लोड बॅलन्सरची मर्यादा बहुधा याहून पुष्कळ कमी असते, आणि ती उपकरणे अनेकदा काही न कळवता जोडणी विसरून जातात. अशा वेळी एरर लगेच न येता क्वेरी लटकून राहते.

दोन उपाय एकत्र करावेत. कनेक्शनचे आयुष्य मधल्या सर्वांत कमी मर्यादेपेक्षा थोडे कमी ठेवावे : हिकारीसीपीत ‘मॅक्स लाइफटाइम’, ज्याचे मूळ मूल्य ३० मिनिटे आहे, एसक्यूएलअल्केमीत ‘पूल रीसायकल’, जे मुळात बंद असते. आणि कनेक्शन देण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासावे : एसक्यूएलअल्केमीत ‘पूल प्री पिंग’, जँगो ४.१ पासून ‘कॉन हेल्थ चेक्स’. हिकारीसीपी अशी तपासणी स्वतःहून करते. क्वेरी लटकू नये म्हणून ड्रायव्हरवर सॉकेटचा टाइमआउट आणि टीसीपी कीपअलाइव्ह ठेवावे. तपासणीसाठी पाठवलेला पिंगही लटकू शकतो, हे लक्षात असू द्यावे.

## जँगोमध्ये ‘कॉन मॅक्स एज’ किती ठेवावे?

मूळ मूल्य ० आहे, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टनंतर कनेक्शन बंद होते. नेहमीच्या सिंक वर्करसह ६० सेकंदांसारखे मूल्य आणि सोबत ‘कॉन हेल्थ चेक्स’ चालू, ही सुरुवात चांगली आहे. हा पूल नाही; प्रत्येक थ्रेडचे स्वतःचे टिकाऊ कनेक्शन आहे, त्यामुळे कनेक्शनची संख्या थ्रेडच्या संख्येइतकी होते. एएसजीआयवर (पायथनच्या असिंक सर्व्हर पद्धतीवर) चालवत असाल तर हे सेटिंग ० च ठेवावे आणि जँगो ५.१ पासून (२०२४) पोस्टग्रेससाठी उपलब्ध असलेला खरा पूल वापरावा.

## वर्कर फोर्क झाल्यावर चित्रविचित्र एरर येतात. कारण काय?

मुख्य प्रोसेसने फोर्क होण्याआधीच (म्हणजे स्वतःच्या प्रती काढून वर्कर बनवण्याआधीच) कनेक्शन उघडले असेल, तर तोच सॉकेट सर्व वर्करांच्या वाट्याला येतो. दोन प्रोसेस एकाच सॉकेटवर लिहू लागल्या की टीएलएसच्या एरर येतात, किंवा त्याहून भयंकर म्हणजे एकीच्या क्वेरीचा निकाल दुसरीच्या हाती पडतो. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना सेटिंग वाचण्यासाठी केलेली एखादी क्वेरी आणि गनिकॉर्नचा प्रीलोड पर्याय, ही जोडी यासाठी पुरेशी आहे. एसक्यूएलअल्केमीत वर्कर सुरू होताच इंजिनचे ‘डिस्पोझ’ बोलवावे आणि त्यात ‘क्लोज’ला ‘फॉल्स’ द्यावे, म्हणजे मूळ प्रोसेसचा सॉकेट बंद न करता नवा पूल सुरू होतो. रेल्सच्या अलीकडच्या आवृत्त्या फोर्कनंतर जुना पूल स्वतःच टाकून देतात.

## असिंक फ्रेमवर्क वापरले तर कनेक्शन कमी लागतात का?

अ‍ॅप्लिकेशनचे थ्रेड कमी लागतात; डेटाबेसची कनेक्शन नाही. उलट थ्रेडची मर्यादा आपसूक जो बांध घालत होती तो निघून जातो, आणि हजारो टास्क एकदम पूलवर धडकतात. म्हणून पूलच्या आधीच एकाच वेळी किती कामे आत घ्यायची याची मर्यादा घालावी.

फास्टएपीआयमध्ये साध्या, म्हणजे असिंक नसलेल्या फंक्शनांसाठी मुळात ४० थ्रेडचा संच असतो, तर एसक्यूएलअल्केमीचा पूल १५ चा. ४० पैकी २५ थ्रेड कनेक्शनची वाट पाहत बसणे हे त्यामुळे गर्दीच्या वेळचे नेहमीचे चित्र असते. हे दोन आकडे एकमेकांकडे पाहून ठरवावेत. आणि एकच असिंक सेशन अनेक टास्कमध्ये वाटून समांतर क्वेरी चालवू नयेत. सेशन त्यासाठी बनलेले नाही. एन्टिटी फ्रेमवर्कचे ‘डीबी कॉन्टेक्स्ट’ही एकाच वेळी दोन ठिकाणांहून वापरता येत नाही.

## ‘अ‍ॅड डीबी कॉन्टेक्स्ट पूल’ वापरले की कनेक्शन पूलिंग मिळते का?

नाही. तो कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्टचा पूल आहे आणि त्याचे १०२४ हे मूळ मूल्य कनेक्शनचे नाही. कनेक्शनचा पूल ड्रायव्हर कनेक्शन स्ट्रिंगनुसार ठेवतो. म्हणून प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी स्ट्रिंग बनवली तर तितकेच वेगळे पूल तयार होतात.

## पीजीबाउन्सर मध्ये ठेवल्यावर ओआरएमकडे काय बदलावे लागते?

पीजीबाउन्सर हा अ‍ॅप्लिकेशन आणि पोस्टग्रेस यांच्यामध्ये बसणारा स्वतंत्र कनेक्शन पूल आहे. त्याचा खरा लाभ ट्रान्झॅक्शन मोडमध्ये आहे, जरी त्याचा मूळ मोड सेशनचा असला तरी. या मोडमध्ये सर्व्हरचे कनेक्शन फक्त ट्रान्झॅक्शनपुरते तुमचे असते. पुढचे ट्रान्झॅक्शन दुसऱ्याच कनेक्शनवर जाऊ शकते. म्हणून कनेक्शनवर टिकून राहणाऱ्या गोष्टींवर विसंबता येत नाही : ‘सेट’ने बदललेली सेटिंग, ‘लिसन’, सेशन पातळीचे अ‍ॅडव्हायझरी लॉक. प्रिपेअर्ड स्टेटमेंटना (सर्व्हरवर आधीच तयार ठेवलेल्या क्वेरींना) आधार १.२१ या आवृत्तीपासून (२०२३) आहे. त्याआधीच्या आवृत्तीवर ती ड्रायव्हरमध्ये बंद करावी लागतात. जँगोत सर्व्हरवरचे कर्सर बंद करण्याचे सेटिंग लावावे लागते. अनेक ग्राहकांचा डेटा ‘सर्च पाथ’ बदलून वेगळा ठेवणाऱ्यांनी तर येथे विशेष जपावे, कारण एकाचा ‘सर्च पाथ’ दुसऱ्याच्या ट्रान्झॅक्शनला लागू होण्याचा धोका खरा आहे. तिथे ट्रान्झॅक्शनपुरते टिकणारे ‘सेट लोकल’च वापरावे.

अ‍ॅप्लिकेशनमधला पूल मग काढून टाकावा का? एसक्यूएलअल्केमीत ‘नल पूल’ वापरून तो काढता येतो. पीजीबाउन्सर त्याच यंत्रावर असेल तर तेच बरे. तो दूर असेल तर लहानसा पूल ठेवावा, म्हणजे टीएलएसची देवाणघेवाण दर वेळी होत नाही.

## पार्श्वभूमीतल्या कामांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते का?

लागते, कारण तिथे रिक्वेस्ट संपण्याचा क्षण नसतो आणि फ्रेमवर्कची आपोआप होणारी आवराआवर चालत नाही. जँगोत स्वतः सुरू केलेल्या थ्रेडने क्वेरी चालवली तर त्याचे कनेक्शन त्यानेच बंद करावे लागते. तासन्‌तास चालणाऱ्या कामात ओळी ठरावीक तुकड्यांत घेऊन प्रत्येक तुकड्यानंतर कमिट करावे आणि ओआरएमचे सेशन रिकामे करावे. नाहीतर कनेक्शन अडकतेच, शिवाय सेशनने लक्षात ठेवलेल्या ऑब्जेक्टनी मेमरीही भरत जाते.

## नेहमी कशावर लक्ष ठेवावे?

कनेक्शनसाठी थांबावे लागलेला वेळ आणि कनेक्शन धरून ठेवलेला वेळ, हे दोन आकडे प्रत्येक पूलसाठी हवेत. स्प्रिंग बूटमध्ये मायक्रोमीटर ही मोजमापाची लायब्ररी ते हिकारीसीपीकडून थेट घेते. एसक्यूएलअल्केमीत ‘चेकआउट’ आणि ‘चेकइन’ या इव्हेंटवर वेळ टिपून धरून ठेवलेला वेळ काढता येतो. सरासरीपेक्षा वरची टोके पाहावीत, कारण पूल संपतो तो त्या टोकांमुळे. हिकारीसीपीचे ‘लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड’ मुळात बंद असते; ते १० सेकंदांसारख्या मूल्यावर चालू केले की कनेक्शन न सोडणाऱ्या कोडचा स्टॅक ट्रेस लॉगमध्ये येतो. प्रत्येक सेवेच्या कनेक्शनला ‘अ‍ॅप्लिकेशन नेम’ द्यावे. अडचणीच्या वेळी ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’त शंभर सारख्या दिसणाऱ्या ओळींमध्ये कोणाची कोणती हे शोधण्यात जाणारा वेळ वाचतो.

## मायग्रेशन त्याच पूलमधून चालवावे का?

नाही. मायग्रेशन (टेबलांची रचना बदलणारी स्क्रिप्ट) पीजीबाउन्सर टाळून थेट डेटाबेसला जोडावे, कारण काही साधने दोन मायग्रेशन एकत्र चालू नयेत म्हणून सेशन पातळीचा लॉक घेतात. तसेच त्या कनेक्शनवर ‘लॉक टाइमआउट’ काही सेकंदांचा ठेवावा. टेबल बदलणारा हुकूम एखाद्या लांबलेल्या ट्रान्झॅक्शनमागे थांबला की त्या टेबलच्या साध्या वाचनाच्या क्वेरीही त्याच्यामागे रांग लावतात, आणि काही सेकंदांत सर्व पूल भरून जातात. टाइमआउट असेल तर मायग्रेशन फसते, रांग मोकळी होते आणि थोड्या वेळाने ते पुन्हा चालवता येते.